आधी सामान, मग भिंत: एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम



आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. लॅपटॉपवर विंडोज आहे, ते काढायचं नाही आणि त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवायचं आहे. त्यासाठी विंडोजचं पार्टिशन लहान करून जागा मोकळी करायची. हे दहा मिनिटांत करून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा ते दहा मिनिटांतच होतं. मी आज बोलणार आहे ते, जेव्हा होत नाही तेव्हाबद्दल. कारण माझ्या हातून एकदा झालं नव्हतं.

२०१७ सालची दिवाळी. माझी मोठी बहीण घरी शिकवण्या घेते. तिच्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क होती, त्यावर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. डी वर तिच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सराव संच, टिपणं. विंडोज संथ झालं होतं म्हणून मी म्हटलं, ताई, शेजारी लिनक्स टाकून देतो. सी च्या लगत जागा हवी, असं माझ्या डोक्यात होतं. का हवी, ते आज विचाराल तर उत्तर नाही. म्हणून मी डी ची डावी कड धरली आणि साठ जीबी उजवीकडे सरकवली. स्क्रीनवर साडेतीन तासांचा अंदाज आला. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, तो थेट प्लगवर चालायचा. मी जेवायला बसलो. अर्ध्या जेवणात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी विंडोजने डी ड्राइव्ह ओळखला नाही. वापरण्याआधी फॉरमॅट करा, एवढाच संदेश. अर्धा डेटा नव्या जागी गेलेला, अर्धा जुन्या जागी राहिलेला, आणि मध्ये कुठे सांधा तुटला ते सांगणारं कोणी नाही.

दुसरी प्रत होती का? नव्हती.

ही गोष्ट पुढे कुठे गेली ते शेवटी सांगतो. आधी ती का घडली ते समजून घेऊ. ते कळलं की बाकीच्या पायऱ्या पाठ करायची गरज उरत नाही.

चाळीतल्या खोलीत पार्टिशन टाकतात, ते आपल्याला माहीत आहे. डिस्कवरचं पार्टिशन तेवढंही भक्कम नसतं. ती एका तक्त्यातली नोंद असते: अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत एक खोली. जुन्या एमबीआर पद्धतीत हा सगळा तक्ता ६४ बाइटचा. चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. म्हणून त्यात चारच मुख्य पार्टिशनं करता येत आणि दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नसे. आताच्या लॅपटॉपमध्ये जीपीटी असतं. त्यात साधारण १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि एक शेवटी. पण काम तेच, हद्दी लिहून ठेवणं.

खोलीच्या आत जी मांडामांड असते ती वेगळी. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची बहुतेक वेळा ईएक्सटी४. कोणती फाइल कुठे आहे, कुठली जागा मोकळी आहे, ही वही फाइल सिस्टिम सांभाळते. म्हणजे दोन गोष्टी आहेत. हद्दीचा तक्ता आणि आतली वही. दोन्हींचं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

आता बघा, खोली लहान करायची असेल तर काय करावं लागेल? भिंत जिथे येणार तिथलं सामान आधी आत घ्यायचं, वहीत नवीन मोजमाप लिहायचं, आणि मग भिंत सरकवायची. उलट केलं तर भिंतीपलीकडे राहिलेलं सामान तुमचं राहत नाही. खोली मोठी करायची असेल तेव्हा क्रम उलटा: आधी भिंत मागे घ्यायची, मग सामान पसरायचं. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. लहान करताना आधी सामान, मग भिंत. मोठं करताना आधी भिंत, मग सामान. चांगली साधनं हा क्रम स्वतः पाळतात. पण आज्ञा टाइप करून हे करणाऱ्यांनी तो स्वतः पाळायचा असतो, आणि घोटाळे तिथे होतात.

दुसरा मुद्दा, डावी कड आणि उजवी कड. दिसायला दोन्ही सारख्या. चित्रात माउसने ओढता येतात, त्यामुळे आणखीच सारख्या वाटतात. पण फाइल सिस्टिम आपल्या सगळ्या जागा डाव्या कडेपासून मोजते. उजवी कड आत घेतली तर कडेजवळ पडलेलं तेवढं सामान हलवावं लागतं. बाकीच्या पत्त्यांना धक्का लागत नाही. डावी कड हलवली की मोजणीचा आरंभच हलला. मग आतला सगळा डेटा उचलून पुढे न्यावा लागतो, तासन् तास. आणि त्या तासांत मध्येच थांबलं तर अर्धं इथे, अर्धं तिथे. माझं नेमकं हेच झालं. वीज गेली हे निमित्त. चूक होती ती कड निवडण्याची, आणि त्याहून मोठी चूक दुसरी प्रत न ठेवण्याची.

तेव्हा पहिली पायरी दुसरी प्रत. बाहेरच्या डिस्कवर महत्त्वाच्या फाइल घ्या आणि मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फाइल उघडून बघा. उघडल्या तरच प्रत झाली असं समजा. पार्टिशनच्या कामात मागे घेण्याचं बटण नसतं. ही प्रत म्हणजेच ते बटण.

दुसरी पायरी, लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. काहीही इन्स्टॉल न करता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, आणि मुख्य म्हणजे आतली डिस्क दिसते का. काही लॅपटॉपमध्ये कंपनीने डिस्क इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीत लावलेली असते, आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन लगेच एएचसीआय निवडू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमधला बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यायचं आणि मग सेफ मोड काढायचा. हे सगळं पार्टिशन कापण्याआधी. आधी जागा कापली आणि मग कळलं की डिस्कच दिसत नाही, असं नको.

तिसरी पायरी बिटलॉकर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद करूनच येते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या मांडणीत बदल झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पण खातं कुठल्या ईमेलचं, दुकानदाराने त्या दिवशी घाईत कोणतं काढून दिलं होतं, हे आठवेपर्यंत दिवस जातो. म्हणून आधीच शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपमध्येच फाइल करून ठेवू नका, किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल. मग काम सुरू करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

चौथी पायरी, फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हटलं की विंडोज पूर्ण बंद होतंच असं नाही. आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ते झोपी जातं, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. अशा झोपलेल्या ड्राइव्हवर दुसऱ्या सिस्टिमने लिहिलं, तर जागं झाल्यावर विंडोजच्या मनातलं चित्र आणि डिस्कवरचं वास्तव वेगळं निघतं. म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. लिनक्स बिघडलं म्हणून लोक मला फोन करतात. खरं तर ते तुमचा डेटा वाचवत असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली हा पर्याय आहे, तिथली खूण काढा. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्सला तो ड्राइव्ह पुन्हा लिहिता येईनासा झाला, तर आधी ही खूण परत आली आहे का बघा.

आता प्रत्यक्ष जागा काढू. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच हाताने लहान करायचं. ज्याचं सामान, त्यालाच आवरू द्यावं. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. सी वर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. एक चौकट येते आणि त्यात आकडा मागतात, एमबीमध्ये. हा आकडा नीट वाचा. किती ठेवायचं ते विचारत नाहीत, किती काढायचं ते विचारतात. ८० जीबी काढायचे तर ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१९२०.

इथे एक नेहमीचा प्रश्न. डिस्क ५०० जीबीची घेतली आणि विंडोज ४६५ दाखवतं, बाकीची कोणी खाल्ली? कोणी नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. २५६ ची डिस्क त्याच हिशोबाने २३८ दिसते.

किती काढावं? उबुंटूची स्वतःची शिफारस २५ जीबीची आहे. रोज वापरायचं असेल तर मी ६० ते ८० सांगतो. आणि विंडोजसाठीही मोकळी जागा ठेवा, त्याची अपडेट्स जागा खातात. सी वर मुळात चाळीसच जीबी मोकळे असतील तर हा बेत सोडा आणि आधी फाइल आवरा.

आता नेहमीची अडचण. सी वर दीडशे जीबी मोकळे आहेत आणि विंडोज म्हणतं, जास्तीत जास्त नऊ जीबी काढता येतील. याचं कारण आपल्या खोलीतच आहे. जागा मोकळी आहे, पण उजव्या कडेजवळ एखादं कपाट जमिनीत रोवलेलं आहे. विंडोजच्या काही फाइल चालू असताना जागच्या हलत नाहीत: पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोरच्या जुन्या प्रती. भिंत त्यांच्या अलीकडे येऊ शकत नाही. मग काय करायचं? हायबरनेशन बंद, सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद, पेज फाइल तात्पुरती शून्य, आणि लॅपटॉप रीस्टार्ट. पुन्हा श्रिंक करून बघा, बहुतेक वेळा आकडा वाढलेला असतो. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची घटना शोधा. कोणती फाइल आडवी आली तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. काम झालं की पेज फाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा. हे लोक विसरतात.

श्रिंक झालं की काळ्या पट्टीची मोकळी जागा दिसेल, अनअलोकेटेड. ती तशीच राहू द्या. तिथे विंडोजमधून नवीन ड्राइव्ह बनवू नका. तिच्या उजवीकडे अनेकदा रिकव्हरीचं एक छोटं पार्टिशन असतं. ते मध्ये आलं म्हणून सरकवायचा मोह होतो. सरकवू नका. लिनक्सला मोकळी जागा कुठेही चालते, सी ला चिकटून असो वा नसो. हे मला २०१७ मध्ये कोणी सांगितलं असतं तर आज मी दुसऱ्या विषयावर बोलत असतो.

ही पायरी झाली की थांबा. विंडोज दोनदा रीस्टार्ट करून बघा. सगळं नीट चालतंय ना? मगच पुढे. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. एकाच्या भरवशावर नको.

इन्स्टॉलेशनचा भाग मी भरभर सांगतो, कारण इन्स्टॉलर आता शहाणे झाले आहेत. विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा, असा सरळ पर्याय असतो. स्वतः पार्टिशन निवडणार असाल तर मोकळ्या जागेत ईएक्सटी४ चं एक पार्टिशन पुरतं. एकच गोष्ट जपा. डिस्कच्या सुरुवातीला साधारण १०० एमबीचं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, एफएटी३२ प्रकारचं. दोन्ही सिस्टिम सुरू करण्याचे प्रोग्राम तिथे शेजारी शेजारी राहतात. ते वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. आणि शेवटचं बटण दाबण्याआधी बदलांची यादी येते, तिच्यातला एकेक शब्द वाचा. इरेझ डिस्क असं कुठे दिसलं तर मागे फिरा.

इन्स्टॉल झाल्यावर दोन गोष्टींनी दचकू नका.

पहिली, सुरू करताना यादीत विंडोज दिसत नाही. ग्रब नावाचा प्रोग्राम ही यादी दाखवतो. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याची त्याची सवय मुळात बंद ठेवलेली आहे. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर चालू करायचं आणि यादी नव्याने तयार करायची. विंडोज गेलेलं नसतं, फक्त यादीत नाव नसतं.

दुसरी, घड्याळ साडेपाच तास चुकतं. लिनक्समधून रात्री आठला विंडोजमध्ये गेलात तर दुपारचे अडीच वाजलेले दिसतील. लॅपटॉपमधल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. साडेपाच तासांचा फरक दिसला की सेल खराब झाला म्हणून दुकानात जाऊ नका. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने सांगता येतं की आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे. प्रश्न मिटतो.

आता, हे सगळं करावं का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ज्यांचं टॅलीवर काम आहे, डिजिटल सहीचं टोकन लागतं, किंवा जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली अजून छापायच्या आहेत, त्यांना विंडोज ठेवावंच लागतं. मात्र पाठिंबा संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका, ते लिनक्समधून करा. नुसतं शिकायचं असेल तर विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशीन पुरेल. आणि लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची खाच असेल तर सर्वांत सुखाचा मार्ग तो: दोन सिस्टिम, दोन डिस्क, भिंतीचा प्रश्नच नाही.

उद्या लिनक्स नको झालं तर? इथेही क्रमच. आधी बायोसमध्ये विंडोजचा बूट मॅनेजर पहिला आणा, त्यावरून लॅपटॉप सुरू होतो याची खात्री करा, मग लिनक्सचं पार्टिशन काढा. उलट केलं तर काळ्या स्क्रीनवर ग्रब तुमच्याकडे बघत बसतो.

आता ताईची गोष्ट पुरी करतो. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो तक्ता आणि वही बाजूला ठेवून थेट डिस्कवरून फाइली वेचतो. मी आधी पूर्ण डिस्कची प्रत काढली, तेवढी अक्कल तोवर आली होती, आणि त्या प्रतीवर तो चालवला. साडेतीन हजारांच्या वर फाइली मिळाल्या. पण नावं गेली होती. नावं वहीत असतात आणि वहीच फाटली होती. सगळ्या फाइलींना नुसते आकडे. आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, त्यामुळे आतला शब्द शोधून काढायचीही सोय नाही. एकेक फाइल उघडून, वाचून, नाव द्यायचं.

ताईने ते दोन महिने केलं. रोज रात्री शिकवणी संपली की बसायची. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "अरे, तुला सगळं येत होतं, फक्त मला विचारायचं राहिलं. मी सांगितलं असतं, त्यात काय आहे ते."

ते बोलणं माझ्या लक्षात राहिलं आहे. दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावण्याआधी मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: यात असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? उत्तर मिळेपर्यंत डिस्क मॅनेजमेंट उघडत नाही. गेल्या वर्षी ताईच्या नव्या लॅपटॉपवर मीच लिनक्स बसवलं. श्रिंकच्या चौकटीत आकडा टाकला तेव्हा ती शेजारी उभी होती, हातात बाहेरची डिस्क घेऊन. म्हणाली, "प्रत माझ्याकडे आहे. कर आता."

आठ मिनिटं लागली.